बंबवाल्यांची सूट

त्या साली हॅगरबेकमधली माणसं दोन गोष्टींनी करवादली होती. एक ऊन आणि दुसरा पोल टॅक्स.

इंग्लंडमधल्या लीड्सपासून वर, डेल्सच्या डोंगरात हे गाव. एरवी इथं बारा महिने छत्री हाताशी ठेवावी लागते. पण नव्वद साली मेपासून आभाळ जे कोरडं झालं ते झालंच. माळावरची झुडपं करपून तपकिरी पडली, ओढ्यातले दगड उघडे झाले आणि मेंढ्या बांधाच्या सावलीला धापा टाकत बसू लागल्या. त्यात सरकारनं जुनी घरपट्टी काढून ही नवी डोईपट्टी आणलेली. घर केवढं ते बघायचंच नाही, घरात मोठी माणसं किती तेवढं मोजायचं. टेकडीवरच्या हवेलीतल्या साहेबाला जेवढा कर, तेवढाच त्याचा गोठा झाडणाऱ्या गड्याला. न्याय म्हणतात तो हाच असावा.

गावाच्या तोंडाशी योना पेणकरचा पेट्रोल पंप होता आणि पंपामागं गॅरेज. परळच्या वर्कशॉपात हात काळे करून योना विलायतेत आला, स्लाऊच्या एका कारखान्यात दहा वर्षं राबला आणि साहेबाच्या शिट्टीला कंटाळून इथं येऊन बसला. गावात तो एकटाच हिंदुस्थानी, आणि त्यातही ज्यू. पहिलं वर्ष गावानं हे कोडं सोडवण्यात घालवलं. मग एकेकाचे ट्रॅक्टर बंद पडायला लागले आणि कोडं मागं पडलं.

त्या दिवशी योना डोरीनबाईंच्या बेलरखाली उताणा पडला होता. गवताच्या गाठी बांधणारं ते यंत्र. सुतळीची गाठ मारायच्या जागीच नेमकं अडकलं होतं. डोरीनबाई विधवा, शेत एकटीच्या अंगावर. गवत कापून रानात पडलेलं. योनाच्या मानेत गवताची कुसळं शिरली होती, घाम डोळ्यांत उतरत होता आणि हातातला पाना ग्रीसनं निसटत होता. बाहेरून क्लिफ मेटकाफ त्याला एकेक हत्यार देत होता. बिनचुन्याचे दगडी बांध रचणं हा क्लिफचा धंदा. हात फावड्याएवढे, बोलणं मोजकं.

"चौदाचा दे," योना म्हणाला.

"हा घे. आणि शिव्या तुझ्या भाषेत दे. बाई उभ्या आहेत."

"त्याच भाषेत देतोय."

डोरीनबाई खळखळून हसल्या. तेवढ्यात जेफ सायकल टाकून आला. जेफ म्हणजे गावच्या आगीच्या बंबाचा प्रमुख. पेशानं सुतार. हॅगरबेकचा बंब गावच्याच माणसांच्या भरवशावर होता. पगार नाही, कमरेला ब्लीपर लावायचा, तो वाजला की हातातलं टाकून पळायचं. दिवसा गावात सापडणारे चौघंच होते: जेफ, क्लिफ, योना आणि पोस्टमन डेरेक. बाकीचे कामाला शहरात. आणि चौघांपेक्षा कमी असले तर बंब हलवायचा नाही, असा कौंटीचा नियम.

"ऐका रे," जेफ घाम पुसत म्हणाला. "डिस्ट्रिक्ट कौन्सिलनं ठरवलंय, बंबावरच्या माणसाला पोल टॅक्स अर्धा माफ! आपल्याला अर्धा आणि घरातल्या प्रत्येकालाही अर्धा. माणसं सोडून चाललीत ना, म्हणून."

क्लिफनं हातातला पाना अलगद खाली ठेवला. त्याच्या घरात तो, बायको ईडिथ आणि अंथरुणाला खिळलेली सासू. तीन डोकी आणि कमावते हात दोनच. गेला महिनाभर तो रविवारीही बांध रचत होता.

"सासूबाई पहिल्यांदाच उपयोगी पडल्या म्हणायच्या," क्लिफ म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की बेलरखालून योनालाही बरं वाटलं.

घरी येऊन योनानं हात धुताधुता बायकोला ही बातमी सांगितली. एलिशेबा बटाटे सोलत होती. सुरी थांबली.

"आपल्याला नाही घेता येणार," ती म्हणाली.

"का म्हणून?"

"अहो, नवस विसरलात?"

विसरणार कसा? चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात, बर्फाच्या वळणावर त्यांची मिरियम बसलेली गाडी बांधावर आदळली होती. पोरगी तेव्हा पंधरा वर्षांची. दाराच्या पत्र्यात पाय अडकलेला. याच बंबावरच्या माणसांनी पत्रा कापून तिला सोडवलं. एलिशेबा रस्त्याच्या कडेला बर्फात गुडघे टेकून बसली होती आणि तिथंच आपल्या लोकांच्या संदेष्ट्याला नवस बोलली: एलियाहू हन्नाबी, माझी पोर वाचू दे, हे या बंबावर जन्मभर फुकट राबतील, कुणाची एक पेनी घेणार नाहीत. पोर वाचली. नवस फेडायचा मलिदा झाला, त्याला लीड्सहून पोहे आले, नारळ आला. आणि योनाला नंतर कळलं की आपण बंबावर जाणार आहोत. नवस बायकोचा आणि पाठ नवऱ्याची, असा तो प्रकार. पण योनानं हूं की चूं केलं नाही. पोरगी डोळ्यांसमोर चालत होती, आणखी काय हवं होतं त्याला?

"सूट म्हणजे काही पैसे घेणं नव्हे गं," तो म्हणाला.

"घेणंच ते. देवाला बोललेल्या शब्दात पळवाट काढायची नसते."

योनानं टॉवेलला हात पुसले. खरं सांगायचं तर त्याला मनातून बरंही वाटलं. उपऱ्या माणसाला गावात मान मिळवायला फार जागा नसतात. ही एक चालून आली होती.

आठवड्याच्या सरावाच्या दिवशी बंबाच्या शेडमध्ये सगळे जमले. जेफनं एकेकाला कागद दिला. योनानं तो घेतलाच नाही.

"माझं नाव नको," तो म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण माणसाची जीभ. "मी हे देवासाठी करतो. लोकांचे जीव वाचवायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा, हे आमच्यात बसत नाही."

शेडमध्ये कुणी खोकलं. डेरेकनं आपला कागद खिशात कोंबला. क्लिफचा कागद हातातच होता. त्याची त्यानं एकदा घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. योनाला यातलं काही दिसलं नाही. तो आपल्याच उंचीवरून बघत होता.

बोलणं गावभर व्हायला पबपेक्षा चांगली जागा नाही. तिथं नॉर्मन नावाचा गुरामेंढ्यांचा दलाल रोज संध्याकाळी टेकून उभा असायचा. कुणाच्या कामाला न येणारा आणि कुणालाही न सोडणारा.

"काय क्लिफ," तो भरल्या पबमध्ये म्हणाला, "तो बाहेरचा माणूस आपल्या गावासाठी फुकट पळतो, आणि तू गावचा असून कौन्सिलकडून भाडं घेतोस? माझ्या घराला आग लागली तर आधी तुला भाव विचारावा लागेल का?"

लोक हसले. तसे ते वाईट नव्हते, पण हसले. क्लिफनं ग्लास अर्धा ठेवला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं जेफच्या सुतारकामाच्या टेबलावर, रंध्याच्या भुशात, आपला ब्लीपर ठेवून दिला.

"सासूला बरं नाही," एवढंच म्हणाला.

त्यानंतर क्लिफची जुनी पिकअप योनाच्या पंपावर थांबेना. सरळ पुढं जायची, खालच्या गावातून पेट्रोल भरून यायची. योना नळी हातात धरून तिच्याकडं बघत राहायचा. काय झालं ते जेफनं सांगितलं तेव्हा तो आधी चिडला.

"मी त्याला सूट घेऊ नको म्हटलं का?"

"तसं नाही म्हटलंस," जेफ म्हणाला. "पण त्यानं घेतली तर काय दिसेल, ते सांगून मोकळा झालास."

जुलै संपता संपता, भर दुपारी ब्लीपर वाजला. योना जॅकवर चढवलेल्या गाडीखालून सरपटत निघाला आणि तसाच ग्रीसच्या हातांनी पळाला. शेडमध्ये जेफ बूट चढवत होता. मागोमाग डेरेक आला, टपालाची पिशवी अजून खांद्यावर. डोरीनबाईंच्या गवताच्या कोठारानं पेट घेतला होता. कशानं, ते पुढंही कळलं नाही. शेडच्या दारातून धूर दिसत होता, ओढ्यापलीकडं, काळा आणि सरळ.

तिघं हेल्मेट घालून उभे राहिले. बंबाचं इंजिन सुरू होतं. चौथा माणूस नव्हता.

"जेफ, चल," योना म्हणाला.

"नाही जाता येत." जेफचा आवाज फाटला होता. "तिघांना आत पाठवलं आणि कुणी मेलं तर? खालच्या गावचा बंब निघालाय."

खालच्या गावचा बंब म्हणजे डोंगराचा रस्ता, आणि रस्त्यावर हंगामाचे ट्रॅक्टर.  पाणी भरलेला, पुसून लखलखीत ठेवलेला बंब दारात धडधडत होता, आणि धूर रुंद होत चालला होता. शेवटी जेफनं बंब बंद केला आणि तिघं डेरेकच्या टपालगाडीत बादल्या टाकून निघाले.

ते पोचले तेव्हा क्लिफ तिथंच होता. पलीकडच्या माळावर बांध रचत होता, तिथून धावत आला होता. ना हेल्मेट, ना हातमोजे. शर्ट तोंडाला बांधून त्यानं कोठाराला लागून असलेल्या गोठ्याचं दार उघडलं होतं आणि वासरं एकेक करून शेपटीला धरून बाहेर ओढत होता. दाराची कडी तापून लाल झालेली. उजव्या तळहाताची कातडी तिला चिकटून राहिली होती. तिघांनी त्याला बाजूला ओढला आणि उरलेली वासरं काढली. कोठार मात्र कोसळलं. वर्षभराचं गवत, तो अडकणारा बेलर, सगळं गेलं. डोरीनबाई अंगणात खुर्चीवर बसून होत्या. रडत नव्हत्या. मांडीवर हात ठेवून नुसत्या बघत होत्या.

योना क्लिफच्या हातावर पाणी ओतायला गेला. क्लिफनं हात मागं घेतला.

"डेरेक ओतेल," तो म्हणाला.

आठवड्याभरात कौंटीचा अधिकारी आला. शेड बघितली, बंब बघितला, चहा घेतला आणि जाताना सांगून गेला: आणखी एकदा असं झालं की बंब इथून हलवणार. महिनाभरात चौथा माणूस बघा.

चौथा माणूस काय दुकानात मिळतो?

शनिवारी मिरियम लीड्सहून आली. तिकडच्या एका हॉस्पिटलात ती नर्सिंग शिकत होती. आल्या आल्या ती क्लिफच्या घरी जाऊन त्याच्या हाताची पट्टी बदलून आली आणि मग स्वयंपाकघरात आईबापांसमोर उभी राहिली. मराठी तिचं धेडगुजरी, पण राग अस्सल होता.

"पप्पा, त्या रात्री गाडीमध्ये माझा मान कुणी धरला होता, माहिती आहे? होल टाइम! क्लिफनं. फ्रीझिंग होता, त्याचा हात ब्लू झाला होता, पण त्यानं सोडला नाही. मला जोक्स सांगत होता, स्टुपिड जोक्स, शीपचे. आणि तुम्ही त्याला चीप वाटायला लावलं."

"मी त्याच्याबद्दल बोललोच नव्हतो," योना म्हणाला, पण त्याचं त्यालाच ते पटलं नाही.

"मम्मी, तुझा नवस माझ्यासाठी होता ना? मग मला विचार. मला ती बंब पायजे. इथं. फोर माणसं घेऊन."

एलिशेबानं पोरीला वाढलं, भांडी आवरली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी योना पंप उघडायला निघाला तेव्हा ती दाराशी आली.

"अहो, मी देवाला तुमची मेहनत देऊ केली होती," ती म्हणाली. "क्लिफची अब्रू नव्हती दिली. ती माझी नव्हतीच द्यायला. तुम्ही सूट घ्या."

"आणि नवस?"

"तो मी बोलले, मीच मोडते. एलियाहू हन्नाबीला काय सांगायचं ते मी सांगेन. मलिदा करीन, पाया पडेन. तो काही नॉर्मन नाही, समजून घेईल."

योनाला हसू आलं आणि डोळे भरूनही आले. तो पंप न उघडताच माळावर गेला.

क्लिफ डाव्या हातानं बांध रचत होता. उजव्याला पांढरी पट्टी, दगड पोटाशी धरून मांडीवर घ्यायचा आणि कसाबसा ढकलायचा. योनानं कोट काढला आणि न विचारता दुसऱ्या बाजूनं दगड उचलायला लागला. क्लिफनं त्याला हाकललं नाही, बघितलंही नाही. योनानं ठेवलेला दगड मात्र त्यानं काढला, फिरवला आणि नीट बसवला. असा बराच वेळ गेला. योनाची कंबर बोलायला लागली, बोटं सोलली.

"मी सूट घेणार आहे," शेवटी तो म्हणाला.

"घे की."

"तू पण घे. परत ये."

क्लिफ बांधाला टेकला. "योना, तू इथं माळावर मला सांगतोयस. इथं कोण आहे? मेंढ्या. मेंढ्या मला काही बोलल्या नव्हत्या."

 योनानं आणखी थोडे दगड उचलून दिले आणि कोट खांद्यावर टाकून तो घरी गेला.

दर गुरुवारी गावच्या हॉलमध्ये कौन्सिलची बाई टेबल मांडून बसायची. पोल टॅक्स भरणारे, भरणार नाही म्हणून भांडायला येणारे, आणि नुसतंच बघायला येणारे, अशी सगळ्यांची एकच रांग दाराबाहेरपर्यंत जायची. त्या गुरुवारी रांगेत डोरीनबाई होत्या, डेरेक होता, नॉर्मन होता. क्लिफही होता, अगदी शेवटी. पूर्ण कर भरायला. जेफ खिडकीची मोडकी चौकट दुरुस्त करत होता. योना आणि एलिशेबा रांगेत बरेच पुढं उभे होते. एलिशेबानं ठेवणीतली साडी नेसली होती, वरून कोट. देवाशी बोलून आली होती, सकाळीच; तिचा चेहरा परीक्षा देऊन आल्यासारखा होता.

योनाची पाळी आली. त्याचे कान तापले होते.

"मला बंबवाल्यांची सूट हवी आहे," तो म्हणाला. ठरवलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. हॉलमधली कुजबुज थांबली.

बाईनं चष्म्यावरून पाहिलं. "पेणकर ना? तुम्ही नको म्हणाला होतात असं कळलं होतं."

मागून नॉर्मन हसला. "काय रे, देवाचं काम संपलं वाटतं?"

योना वळला. नॉर्मनकडं बघायचं त्यानं ठरवलं होतं, पण नजर रांगेच्या शेवटाला गेली आणि तिथंच राहिली.

"देवाचं काम चालूच आहे," तो म्हणाला. "मी शेडमध्ये मोठ्या तोंडानं बोललो. मूर्खपणा केला. माझ्या घरातलीही डोकी मोजली जातात, मलाही कर जड जातो. रानातलं काम टाकून जो आगीत पळतो, त्यानं ही सूट घेण्यात लाज कसली? मी आज सगळ्यांसमोर मागतो आहे. मला हवी आहे."

एलिशेबा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "आम्हाला हवी आहे," ती आपल्या इंग्रजीत म्हणाली, प्रत्येक शब्द वेगवेगळा. "माझ्या मुलीचा जीव त्या माणसांनी वाचवलाय. मी त्यांना फुकट पळू देणार नाही."

 मग डोरीनबाई नॉर्मनकडं वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझी वासरं विकायला तूच येणार आहेस ना, नॉर्मन? ती कुणी वाचवली ते ठाऊक आहे ना तुला?" नॉर्मन आपल्या बुटांकडं बघायला लागला.

बाईनं योनाचं नाव लिहून घेतलं. लिहिता लिहिता तिनं मान वर केली. "आणि मेटकाफ? ते आलेत का? त्यांचंही नाव जेफनं दिलं होतं."

सगळी रांग मागं वळली. क्लिफ टोपी हातात धरून उभा होता. त्याच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली. जेफनं हातोडी खाली ठेवली, खिशातून ब्लीपर काढला आणि रांगेच्या कडेकडेनं चालत जाऊन त्याच्यासमोर धरला. क्लिफनं पट्टीच्या हातानं तो घेतला. कमरपट्ट्याला लावायला त्याला जमेना, तेव्हा जेफनंच लावून दिला.

"या ना पुढं, मिस्टर मेटकाफ," बाई म्हणाली. "लगेच करून टाकू."

"छे, छे," क्लिफ म्हणाला. "माझ्यापुढं माणसं आहेत."

तो आपल्या जागी उभा राहिला. बाईनं पुढच्याला बोलावलं, रांग एक पाऊल सरकली, आणि तिच्याबरोबर क्लिफही.